कोकणातल्या आयटीआयमध्ये ॲल्युमिनियमचं वेल्डिंग नीट शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात कोकणातल्या पोरांना गावातच काम मिळालं पाहिजे असं नेहमी लिहून येतं, ते वाचून दरवेळी मला वाटायचं की आपण पण काहीतरी लिहावं, पण कामाच्या धबडग्यात राहून जायचं. आता पावसामुळे शेडमधली कामं थोडी कमी आहेत म्हणून बसलोय लिहायला. मी मालवणजवळच्या एका गावात गेली २४ वर्षं फॅब्रिकेशन करतो, गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, पाण्याच्या टाकीचे स्टँड, हेच सगळं. पण मला लिहायचंय ते ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगबद्दल, आणि ते सुद्धा होड्यांच्या आणि त्यांच्या मशीनच्या रिपेअरिंगसाठी लागतं त्याबद्दल. हे काम आमच्या पट्ट्यात करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यामुळे मच्छीमारांचं जे नुकसान होतं ते मी डोळ्यांनी बघतोय.

आधी माझीच गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये एक ओळखीचे काका त्यांच्या ओबीएमचा लेग घेऊन माझ्याकडे आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओबीएम म्हणजे होडीच्या मागे लावतात ती आउटबोर्ड मोटर, आणि लेग म्हणजे तिचा पाण्यात जाणारा खालचा भाग, ज्यात गिअर असतात आणि ज्याला पंखा लागतो. त्या पंख्याच्या खाली माशाच्या परासारखं एक पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. होडी उथळ पाण्यात खडकावर आली तर मार आधी त्या पात्याला बसावा आणि पंखा वाचावा हे त्याचं एक काम, आणि होडी सरळ चालायला पण ते मदत करतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला आमच्याकडे पाण्याखाली खडकच खडक आहेत, भरती-ओहोटीचा अंदाज चुकला की स्केग गेलंच. काकांचं अर्ध्याहून जास्त तुटलं होतं. गंमत अशी की हे पातं वेगळं मिळत नाही, ते लेगच्या हाऊसिंगबरोबर एकाच ओतकामात आलेलं असतं, म्हणजे पातं तुटलं की कंपनीच्या हिशोबाने अख्खं हाऊसिंग बदलायचं.

काका म्हणाले, "बाबू, ह्या जोडून दी, बाकी मशीन बरा आसा. जमतला मां?"

मी म्हटलं जमेल. तेव्हा माझ्याकडे टिगचं मशीन होतं (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकावरून विजेची ठिणगी, म्हणजे आर्क, धरून गॅसच्या पांघरुणाखाली केलेलं वेल्डिंग), स्टीलच्या रेलिंगसाठी घेतलेलं, त्यावर स्टीलचं काम मी रोज करत होतो आणि चांगलं करत होतो. मला वाटलं धातू बदलला, फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायची कांडी, बदलला, झालं. लेग शिकंजात धरला आणि आर्क लावला. पहिली काही सेकंद काहीच होईना, पृष्ठभाग नुसता काळवंडला, सुरकुत्या पडल्यासारखा दिसायला लागला पण पाणी काही होईना. करंट वाढवला. तरी काही नाही. अजून वाढवला आणि मग एकदम, काही कळायच्या आत, बोटभर जागा खाली गळून पडली. ती जागा पात्याची नव्हती, त्याच्या वरच्या गिअरच्या हाऊसिंगची होती. आतलं काळं तेल बाहेर आलं आणि त्याने पेट घेतला, मी ओला गोणपाट टाकून विझवलं. काका समोर उभे होते. ते फक्त "जावंदे" म्हणाले आणि बाकड्यावर बसून राहिले. नव्या हाऊसिंगचे निम्मे पैसे मी दिले पण पार्ट यायला लागलेले दिवस मी कुठून देणार, सीझनमध्ये एक एक दिवस किती मोलाचा असतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि मी ठरवलं की हे शिकायचंच. माझा मामेभाऊ शारजाला बोटी बनवणाऱ्या यार्डात बरीच वर्षं होता, तिथे अख्ख्या बोटी ॲल्युमिनियमच्या बनतात आणि तो तेच वेल्डिंग करायचा. तो सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला शेडमध्ये आणून बसवला आणि झालेलं सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, मशीन एसी आहे का डीसी. माझं डीसी होतं. तो म्हणाला, मग तू सुरुवातीलाच चुकलास.

इथे थोडं तांत्रिक लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं समजतं. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा एक अगदी पातळ थर तयार होतो, तुम्ही घासून काढला तरी परत तयार होतो. हा थर म्हणजे त्याचं चिलखत, त्याच्यामुळेच ॲल्युमिनियम समुद्रात टिकतं. पण वेल्डरसाठी तोच वैरी. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि हा वरचा थर वितळायला २००० डिग्रीच्या पण वर तापमान लागतं. म्हणजे तापलेल्या दुधावर साय धरते तसं होतं, आत सगळं पातळ झालेलं आणि वर साय तशीच घट्ट. आपण करंट वाढवत राहतो आणि शेवटी सायीसकट सगळं खाली येतं. माझं नेमकं हेच झालं होतं. त्यात लोखंड तापताना लाल होतं, पिवळं होतं, आपल्याला इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, चांदीसारखं होतं तसंच राहतं आणि एका क्षणी पाणी होतं. वर्षानुवर्षं लोखंडाचा रंग बघून हात चालवायची सवय लागलेल्या माणसाला इथे डोळ्यांची सवयच बदलावी लागते. आणि तिसरी गोष्ट, ते उष्णता भराभर पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला खूप करंट लागतो आणि मग अख्खा तुकडा तापला की तोच करंट जास्त होतो, म्हणून पायाखाली पॅडल हवं, हात चालू असतानाच पायाने करंट कमी करत यायचं. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला हे लवकर कळेल.

आता एसी का, तर एसीमध्ये करंटची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा बदलते. एका दिशेला जाताना तो वरची साय फोडतो, दुसऱ्या दिशेला जाताना खोलवर वितळवतो. मशीनवर त्याचं प्रमाण कमीजास्त करता येतं. पहिल्यांदा मी एसीवर आर्क लावला तेव्हा थेंबाच्या कडेने एक पांढुरकी चकचकीत पट्टी उमटत गेली आणि मधे आरशासारखं स्वच्छ डबकं तयार झालं. ते बघून मला जो आनंद झाला तो मी शब्दात नाही सांगू शकत. एसी-डीसी मशीन मला तेव्हा ६० हजारांच्या आसपास पडलं, बायकोने भिशीचे पैसे दिले म्हणून जमलं.

भावाने पहिले पंधरा दिवस मला फिलरला हातच लावू दिला नाही. ३ मिलिमीटरच्या पट्टीवर नुसतं डबकं तयार करायचं आणि ते एकाच रुंदीचं ठेवून सरळ पुढे न्यायचं. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरायचे, म्हणजे ३ मिलिमीटरला १२० च्या आसपास, हा हिशोब त्याने दिला, बाकी पॅडल. रोज संध्याकाळी दोन तास. मग फिलर. फिलर डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा, थेंब सोडायचा, मागे घ्यायचा, पण इतका मागे नाही की तो गॅसच्या बाहेर जाईल. टंगस्टनचं टोक चुकून डबक्याला लागलं की सगळं काळं होतं, थांबायचं, टोक साफ करायचं, काळा भाग घासून काढायचा आणि परत सुरू. पहिल्या आठवड्यात मी टंगस्टन घासण्यातच जास्त वेळ घालवला. रेघ संपवताना एकदम पाय उचलला की शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखी बारीक चीर पडते, ती आज दिसत नाही पण समुद्रात धक्के खाऊन पुढे सरकते, म्हणून शेवटी करंट हळूहळू उतरवत अजून एक-दोन थेंब घालून खड्डा भरून घ्यायचा. हे शेवटचं मला जमायला तीन महिने लागले.

पण वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ साफसफाईला जातो हे कोणी सांगत नाही. आधी ॲसिटोनने तेल-ग्रीस पुसायचं आणि मगच ब्रश मारायचा, उलट केलं तर ब्रश ते ग्रीस धातूत चोळून बसवतो. ब्रश स्टेनलेसचा, आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवायचा, लोखंडावर एकदा जरी मारला तरी लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथून खायला सुरुवात होते. माझ्या शेडमध्ये त्या ब्रशला निळा रंग मारून वेगळ्या खिळ्याला टांगलाय आणि पोरांना सक्त ताकीद आहे. ग्राइंडरचा साधा दगड वापरायचा नाही, त्यात ॲल्युमिनियम भरतं, दगड तापतो आणि फुटू पण शकतो, फ्लॅप डिस्क किंवा सरळ कानस. आणि क्लोरीनवाले क्लीनिंग स्प्रे तर जवळपास सुद्धा नकोत, आर्कजवळ त्यातून विषारी वायू तयार होतो.

आणि आमच्या कोकणाची हवा हा एक वेगळाच विषय आहे. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेतं आणि गार होताना बाहेर टाकतं, पण तोवर वरचा थर घट्ट झालेला असतो, मग ते बुडबुडे आतच अडकतात. वेल्ड कापून बघितला तर जाळीदार घावन असतो ना, तसा दिसतो. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी पत्र्याला हात लावला तर ओला लागतो, म्हणून तुकडा आधी थोडा गरम करून सुकवून घ्यायचा, फिलरच्या कांड्या झाकणाच्या पाइपात बंद ठेवायच्या. दुसरा त्रास वाऱ्याचा. आर्गॉन गॅस मिनिटाला आठ-दहा लिटरच्या वेगाने टॉर्चमधून येऊन डबक्यावर पांघरुणासारखा बसतो, तो वारा उडवून नेतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की माझं उघड्या शेडमधलं काम बंद, म्हणून मी ॲल्युमिनियमची कामं सकाळी सहा ते दहा करतो, नाहीतर तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावून, आणि पंखा बंद, कितीही घाम आला तरी.

यातलं एकही पुस्तकातून नाही शिकलो, फुकट गेलेल्या तुकड्यांवरून शिकलो. पण आकड्यांचा एक भाग आहे तो मात्र पाठच करावा लागतो. सगळं ॲल्युमिनियम सारखं नसतं. बोटीच्या बॉडीला ५०८३ नावाचं प्लेट वापरतात, त्यात चार-साडेचार टक्के मॅग्नेशियम असतं, ते खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतं, आणि त्याला फिलर ५३५६ किंवा ५१८३ लागतो. ओतकामाच्या लेगमध्ये सिलिकॉन असतं, त्याला ४०४३ चालतो. आता हाच ४०४३ बोटीच्या ५०८३ प्लेटला मारला तर दिसायला सुंदर रेघ येते, उलट जास्तच गुळगुळीत येते, पण जोड ठिसूळ होतो. म्हणजे बघणाऱ्याला चांगलं काम वाटतं आणि लाटेच्या धक्क्याने ते उलतं. काही ठिकाणी मी स्लायडिंग खिडकीच्या सेक्शनचे तुकडे बोटीला ठोकलेले बघितलेत, ते ६०६३ असतं, खिडकीसाठी ठीक आहे, बोटीच्या तळाला नाही. योग्य प्लेट मुंबईला गुलालवाडी-कुंभारवाड्याच्या बाजारातून मागवावी लागते, सर्टिफिकेट बघून घ्यावी लागते. आणि ऑनलाइन ज्या काड्या मिळतात, नुसत्या बर्नरने ॲल्युमिनियम जोडा म्हणून व्हिडिओ दाखवतात, त्यात बहुतेक जस्त असतं, घरातल्या भांड्याला वापरा हवं तर, पण समुद्रात जाणाऱ्या वस्तूला कृपा करून नको.

दीड वर्षाने तेच काका परत आले. नवीन हाऊसिंगचं पातं परत तुटलं होतं, खडक काही हलले नाहीत. या वेळी मी त्यांना चार दिवस मागितले. पंखा काढला, गिअरचं तेल पूर्ण काढलं, तुटलेली कड कानशीने दोन्ही बाजूंनी उतरती केली. मग बर्नरने हळूहळू गरम केलं तर ओतकामाच्या बारीक छिद्रांतून काळं तेल आणि पांढरं मीठ घामासारखं वर यायला लागलं, पुसलं, परत गरम केलं, परत आलं, परत पुसलं. असं पाच वेळा. पाण्याचा थेंब टाकला तर तडतडून उडेल इतपतच तापवायचं, जास्त नाही, कारण वर रबराचे सील आहेत, त्यांच्याभोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं. दुसऱ्या एका चांगल्या मोटरच्या पात्याला पुठ्ठा लावून माप घेतलं आणि ६०६१ च्या जाड पट्टीतून तसाच तुकडा कापला. दोन टाके मारले, सरळ आहे का बघितलं, मग इंच इंच करत, या बाजूला एक, त्या बाजूला एक, मधे गार होऊ देत भरत गेलो. शेवटी लाल रंगाचा स्प्रे मारून पुसून वर पांढरी पावडर मारली, कुठे चीर असेल तर लाल रेघ वर येते, ती आली नाही. कानशीने आकार दिला, एच प्रायमर, म्हणजे रंग धातूला धरून राहावा म्हणून देतात तो पहिला हात, मग रंग. काकांनी अंगठ्याने ती जागा चाचपून बघितली, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ, आणि काही न बोलता लेग उचलून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सुरमईचा एक मोठा तुकडा केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेला होता. ते पातं अजून आहे.

आता कोणी म्हणेल की कोकणातल्या होड्या लाकडाच्या नाहीतर फायबरच्या, ॲल्युमिनियम आहे कुठे. होडी फायबरची असेल पण तिच्या मागची ओबीएम सगळी ॲल्युमिनियमचीच आहे, ब्रॅकेट, लेग, बऱ्याच वेळा पंखा पण. १९९७ साली आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आता तारकर्ली-देवबागला वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी किती आहेत ते येऊन बघा. कोस्ट गार्डच्या गुजरातेत हजिऱ्याला बनलेल्या इंटरसेप्टर, म्हणजे पाठलागाच्या वेगवान बोटींची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. पुरात माणसं काढायला पण ॲल्युमिनियमच्या बोटी वापरतात. हलकं असतं, लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजन, गंजत नाही, म्हणून हे वाढतच जाणार आहे. आणि वाढलं की तुटणार पण आहे.

मागच्या वर्षी एका पर्यटनवाल्यांची छोटी ॲल्युमिनियमची बोट माझ्याकडे आली. तळाला पाणी येत होतं. आत टॉर्च मारून बघितलं तर तळाच्या साचलेल्या पाण्यात तांब्याच्या वायरचे चार-पाच तुकडे पडलेले, कुणीतरी लाइटचं काम करताना सोललेले तसेच टाकून गेलेला. प्रत्येक तुकड्याखाली पांढरी पावडर आणि पावडरखाली सुईने टोचल्यासारखी भोकं. खारं पाणी, तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एका इलेक्ट्रिशियनच्या दोन मिनिटांच्या आळसामुळे हे झालं. म्हणूनच तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून देतात तो तांब्याचा अँटीफाउलिंग रंग पण ॲल्युमिनियमच्या बोटीला मारायचा नसतो आणि झिंकचा जो ठोकळा लावतात त्याच्यावर रंग मारायचा नसतो, त्याने बोटीच्या ऐवजी स्वतः झिजावं म्हणूनच तो लावलेला असतो. भोकांवर नुसते थेंब टाकून भागत नव्हतं, आजूबाजूचं पण पातळ झालं होतं. तेवढा भाग कापून नवीन प्लेट बसवली, कोपरे गोल करून, कारण चौकोनी कोपऱ्यातूनच पुढे चीर निघते.

आणि इथे एक गोष्ट मला अगदी ठळक अक्षरात छापावीशी वाटते. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे. बोटीच्या तळाशी बसून वेल्डिंग करताना तो खाली साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही, ऑक्सिजन बाजूला सारतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो, त्याला काढायला जो वाकतो तो पण. माझ्या भावाने पहिल्याच दिवशी हे माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतलं होतं. मी आत बसतो तेव्हा हवेचा पाइप आत सोडलेला असतो, पण वेल्डवर वारा येणार नाही असा, आणि बाहेर एक माणूस फक्त माझ्याशी बोलत राहायला उभा असतो, मी उत्तर दिलं नाही तर आत यायचं नाही, गॅस बंद करायचा, हवा सोडायची आणि पायाला बांधलेल्या दोरीने ओढायचं. पेट्रोलच्या टाकीचं काम मी घेत नाही, कितीही धुवून आणली तरी. बोटीची बॅटरी सोडवल्याशिवाय क्लँप लावत नाही. ॲल्युमिनियमवरून आर्कचा प्रकाश परत उसळतो, गळ्याची कातडी भाजते, हेल्मेटच्या आतून डोळ्याला लागतो आणि रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, म्हणून गडद रंगाचा जाड सुती शर्ट आणि कॉलरची बटणं लावलेली.

संपादक साहेब, हे सगळं मला माझा भाऊ होता म्हणून मिळालं. ज्याचा भाऊ शारजाला नाही त्याने काय करायचं? आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास पोरगा पण जाऊ शकतो, आणि अभ्यासक्रमात टिग आहे, त्यात ॲल्युमिनियम पण आहे. कागदावर सगळं आहे. माझ्याकडे कामाला आलेला एक मुलगा, आमच्याच भागातल्या एका आयटीआयमधून चांगल्या मार्कांनी पास झालेला, त्याने सांगितलं की वर्षभरात ॲल्युमिनियमवर आर्क लावायला मिळाला तो एकदाच, तो पण चार जणांत एक पट्टी. मशीन होतं पण गॅस संपलेला होता. मी त्या संस्थेला किंवा तिथल्या सरांना दोष देत नाही, आर्गॉनचं एक सिलिंडर कोल्हापूरहून घाट उतरून आणायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, मी स्वतः आणतो. पण एका पट्टीवर कोणी हे शिकू शकत नाही. माझ्या हाताखालून किती किलो भंगार गेलं तेव्हा कुठे ती रेघ सरळ आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये ॲल्युमिनियमचं एक वेगळं टेबल असावं. एक एसी-डीसी मशीन पॅडलसकट, वर्षभराचा गॅस आधीच मंजूर केलेला, ताडपत्रीने बंद केलेला कोपरा, आणि प्रॅक्टिसला विकत प्लेट नको, ओबीएमच्या सर्व्हिसवाल्यांकडे तुटके लेग भंगारात पडलेले असतात, ते किलोवर घ्या, पोरांना खऱ्या वस्तूवरच शिकू दे, त्यातलं तेल आणि मीठ कसं वर येतं ते बघू दे. मच्छीमार सोसायट्यांनी पण यात पडावं, गॅस एकत्र मागवला तर सगळ्यांनाच स्वस्त पडेल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारून वर घेतलेल्या असतात, घरातली तरणी पोरं रिकामी असतात, त्या दोन महिन्यांत एक छोटी बॅच सहज होऊ शकते. पोरगा स्वतःच्या घरची मोटर दुरुस्त करायला शिकला तरी पैसे वसूल आहेत. पोरींना पण घ्या. या कामाला ताकद लागत नाही, स्थिर हात आणि चिकाटी लागते. आमच्या शेजारच्या मच्छीमाराची मुलगी सुट्टीत माझ्याकडे बसून शिकली, मला तीन महिने लागलेलं शेवटचा खड्डा भरायचं काम तिला पाच आठवड्यांत जमलं, आता तिला पुढे शिकायचंय आणि मी तिला कुठे पाठवू ते मला कळत नाही. मुंबई नाहीतर गोवा, म्हणजे परत तेच, गाव सोडा.

एक अजून. जो शिकेल त्याची परीक्षा वेल्डचा फोटो बघून घेऊ नका. जोडलेली पट्टी शिकंजात धरून वाकवा, तुटली तर आत बघा बुडबुडे आहेत का, नाही तुटली तर पास. माझ्या भावाने माझी अशीच घेतली होती, पहिल्या अकरा पट्ट्या तुटल्या.

सरकारचं व्हायचं तेव्हा होईल, तोवर माझ्या शेडमध्ये दसऱ्यानंतर दर शनिवारी आणि रविवारी सकाळी सहा ते दहा मी दोन पोरांना फुकट शिकवायला तयार आहे, मशीन माझं, गॅस माझा. येताना जाड सुती शर्ट, बंद बूट आणि मिळाला तर एक तुटका लेग घेऊन या. कुणाच्या सर्व्हिस सेंटरला किंवा सोसायटीला असे लेग द्यायचे असतील तर आपल्या पेपरच्या ऑफिसात कळवा, मी टेम्पो घेऊन येईन.

आपला,
एक फॅब्रिकेटर आणि नियमित वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग